चिंचेवरच्या चुंबळी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. वेळ सकाळची, जागा राजाचा दरबार. दगडी कोळशाची मोठी भट्टी विझवावी की नाही, याचा निकाल त्या दिवशी होता.

त्या भट्टीच्या वाफेवर राज्यातल्या सगळ्या पिठाच्या गिरण्या फिरत. खाणीतला कोळसा बायका वाहून आणत, डोक्यावर चिंध्यांची चुंबळ आणि तिच्यावर पाटी. पीठ नगरात जाई. धूर मात्र या बायकांच्या वस्तीवर बसे.

एका सुताराने डोंगरावर कापडी शिडांची पवनचक्की उभी करून दाखवली होती. ती धुरावाचून दळत होती.

कोळशाचा ठेकेदार हात जोडून म्हणाला, "महाराज, माझं सोडा. पण या गरिबांच्या चुली विझतील हो." आणि त्याने एका म्हातारीला पुढे केलं. तिची चूल पेटते का, हे त्याने आजवर कधी विचारलं नव्हतं.

म्हातारीचा नवरा धुराने खंगला होता. ती म्हणाली, "महाराज, चक्कीलाही शिडं शिवायला माणसं लागतीलच. आम्हाला शिकवा. माझ्या म्हाताऱ्याला श्वास तरी पुरेल."

राजाचे डोळे भरून आले. त्याने भट्टी विझवायचा हुकूम दिला. चक्कीवरचं पहिलं काम या बायकांचं, असा शब्द त्याने भर दरबारात दिला.

वस्तीची एक रीत होती. ओझं कायमचं सुटलं की चुंबळ खाणीजवळच्या चिंचेला टांगायची, आणि टांगलेली पुन्हा उतरवायची नाही. त्याच संध्याकाळी एकशे चाळीस बायकांनी चुंबळी टांगल्या. राजाचा शब्द कागदावर मागावा, हे एकीलाही सुचलं नाही.

भट्टी विझली. आठव्या दिवशी म्हातारा अंगणात येऊन बसला.

"अगं, डोंगर हिरवा आहे की."

"मग तुम्हाला काय वाटलं, तोही आपल्यासारखा काळा?"

कित्येक वर्षांनी तो हसला आणि खोकला आला नाही.

डोंगरावर पन्नास चक्क्या उभ्या राहिल्या. ठेका मिळाला त्याच ठेकेदाराला. आता तो दरबारात वाऱ्याचे गुण गाऊ लागला. या बायकांना शिवण येत नाही, असं सांगून त्याने शिडांवर आपली माणसं लावली. शिकवायला वस्तीत कोणी गेलंच नाही. म्हातारी रोज सकाळी न्हाऊन, सुईदोरा घेऊन दारात बसे. घरात हवा स्वच्छ होती आणि चूल थंड होती.

बोध असा: धूर गेला म्हणजे अन्याय गेला असं होत नाही, ज्यांनी धूर गिळला, नव्या कामात पहिली जागा त्यांची.

चिंचेला आजही एकशे चाळीस चुंबळी लोंबत आहेत. राजाचा शब्द दरबारापासून वस्तीपर्यंत येताना कुठे अडला, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.