उथळ ठसा

फार जुन्या एका राज्यात एकदा असे ठरले, की नव्या रुपयाच्या एका बाजूस राजाची मुद्रा असावी आणि दुसऱ्या बाजूस डोंगरपट्टीतल्या एका वृद्ध स्त्रीचा चेहरा. डोंगरात राहणारे ते लोक संख्येने मूठभर. त्यांची बोली वेगळी, कपाळावरचे गोंदण वेगळे. आजवर एकाही नाण्यावर त्यांच्यापैकी कोणी आले नव्हते.

टांकसाळीतल्या वृद्ध कारागिराने राजाच्या चेहऱ्याचा ठसा स्वतः कोरला आणि दुसऱ्या बाजूचा आपल्या शिष्याकडे सोपवला. काम नीट उतरले, तर गुरूंमागे त्यांच्या जागी शिष्यच बसणार होता. पण शिष्याच्या पोटात दुखू लागले. आपल्या गावच्या वीरपुरुषाचे चित्र त्याने दोन वर्षे खपून काढले होते आणि दरबाराने ते परत पाठवले होते. त्या जागी आता ही म्हातारी. तिच्या कपाळावरचे तीन ठिपके कोरताना त्याचा नुसता जळफळाट होत होता. अखेर त्याने चेहरा देखणा कोरला, पण उथळ. नवे नाणे पाहून कोणाला कळणार नव्हते. काही वर्षे हातोहात फिरले, की म्हातारी आपसूक पुसली जाणार होती.

गुरूंनी तो ठसा मेणावर दाबला आणि उमटलेल्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. देव्हाऱ्यामागून एक जुने नाणे काढून त्यांनी शिष्याला बाजारातून गूळ आणायला सांगितले. ठशाचे काय ते तरी सांगावे, असे पुटपुटत शिष्य निघाला.

वाण्याने नाणे उलटून पाहिले आणि परत सरकवले. शिष्याने राजाची मुद्रा दाखवली. तीत मिशीचा केस न् केस शाबूत होता.

"दिसतंय मला," वाणी म्हणाला. "पण मागची बाजू सपाट झालीय. हे मी घेतलं, तर माझ्याकडून कोण घेईल?"

पुढच्या दोन दुकानांतही तेच झाले. शिष्य चिडून रिकाम्या हाताने परतला.

"त्या बाजूला खाडीकाठचा एक नावाडी होता," गुरू म्हणाले. "त्याचे लोकही मूठभरच. तो ठसा मी कोरला होता, तुझ्याच वयाचा असताना आणि तुझ्याइतकाच उथळ."

शिष्याची मान खाली गेली.

"नावाडी सहा वर्षांत पुसला गेला. मला बरे वाटले. मग लोक ते नाणेच घेईनात. दरबाराने सगळी नाणी परत मागवून भट्टीत टाकली, हे एवढे एक मी लपवून ठेवले. दुसऱ्या बाजूची मुद्रा माझ्या गुरूंनी कोरली होती. त्यांच्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले काम, तेही वितळले. त्यांनी मला कधी काही विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. आज पहिल्यांदा सांगतो आहे. अरे, ज्याला पुसायला निघालास, त्याच्या पाठीला आपलीच पाठ चिकटलेली असते."

एवढे बोलून त्यांनी ठसा त्याच्यापुढे ठेवला.

शिष्य कोरणी घेऊन बसला. परत आलेले आपल्या वीराचे चित्र समोरच्या खुंटीवर लटकत होते आणि ते पाहून अजूनही त्याच्या मनात कळ उठत होती. तरी त्याने गोंदणाचे तिन्ही ठिपके पुन्हा कोरले, अंगठ्याला नीट लागतील एवढे खोल.