बारा पाळण्यांचं तिकीट

नदीकाठच्या एका बाजाराच्या गावी लखमशेट नावाचा एक माणूस राहत असे. गावात कुणाकडे जमीन होती, कुणाकडे म्हशी होत्या, कुणाकडे नुसतीच ऐट होती. लखमशेटकडे बाग होती, आणि त्या बागेत बारा पाळणे होते.

पाळणे म्हणायचं, पण त्यात सगळंच आलं. लाकडी घोड्यांचं चक्र होतं, दोरांवर झुलणारी नाव होती, घसरगुंडी होती, आरशांची खोली होती. सगळ्यांत उंच होता तो आकाशपाळणा. ही बाग शेटच्या वडिलांनी उभी केली होती. चार आणे घेऊन ते प्रत्येकाच्या हातात बारा लाल मण्यांची माळ देत. तेच तिकीट. एका पाळण्यात बसायचं की एक मणी काढून द्यायचा. बाहेर पडताना दोरा रिकामा होई आणि माणूस हसत घरी जाई.

वडील गेले आणि बाग लखमशेटकडे आली. माणूस वाईट नव्हता. पण खर्च म्हटला की तो हात आखडता घेई.

पाळण्यांची देखभाल सटवाजी सुतार करत असे. एकदा घोड्यांच्या चक्राचा खिळा झिजला. हा खिळा म्हणजे अंगठ्याएवढा जाड आणि हातभर लांब लोखंडी कांब. तिच्यावरच सगळं चक्र तोललेलं. सटवाजी शेटकडे आला आणि म्हणाला, "शेट, तालुक्याच्या लोहाराकडून नवा करून आणावा लागंल. आठ दिवस जातील."

शेटने विचार केला. मग म्हणाला, "नावेत हल्ली फारसं कोण बसतं? तिचा खिळा काढ आणि घोड्यांना लाव."

फिरणाऱ्या-झुलणाऱ्या सगळ्या पाळण्यांचे खिळे एकाच मापाचे होते. शेटच्या वडिलांनी ते एकाच लोहाराकडून घडवून घेतले होते. नावेचा खिळा घोड्यांना चपखल बसला. शेटला आपल्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. नावेपुढे त्याने एक मोठा पडदा लावला आणि त्यावर पेंटरकडून मोरांची जोडी काढून घेतली. लोकांनी विचारलं तर सांगायचं, 'दुरुस्ती चालू आहे.'

दुरुस्ती कसली आणि काय! पुढच्या वर्षी दुसऱ्या एका पाळण्याचा खिळा झिजला, तेव्हा तिसऱ्याचा काढला. मग चौथ्याचा. मग दोर तुटला, तो पाचव्याचा घेतला. दर वर्षी एक पाळणा चालता राही आणि एक पडद्याआड जाई. नऊ वर्षांत बागेत नऊ पडदे झाले. नऊही पडद्यांवर सुंदर चित्रं होती. मोर, हरणं, कारंजी, एका पडद्यावर तर चक्क समुद्र होता.

आता चालत होतं काय? घसरगुंडी, आरशांची खोली आणि आकाशपाळणा. बस्स.

माळ मात्र बारा मण्यांचीच होती. सटवाजी एकदा भीतभीत म्हणाला होता, "शेट, आता तीनच मणी द्यावेत. आणि पैसंही कमी घ्यावेत."

"तीन मण्यांची माळ घ्यायला लोक दोन कोस चालत येतील का रे?" शेट म्हणाला. "माळ भरलेली दिसली पाहिजे."

उरलेल्या नऊ मण्यांचं लोकांनी काय करावं, याचा विचार शेटने केला नव्हता. लोकांनी केला. घसरगुंडीला एक, आरशांना एक, आणि बाकीचे सगळे मणी घेऊन ते आकाशपाळण्यापाशी जात. एकदा बसत, उतरत, पुन्हा रांगेत उभे राहत. पूर्वी दिवसभरात चाळीस फेऱ्या मारणारा तो पाळणा आता चारशे फेऱ्या मारू लागला. रांग वाढत वाढत फाटकापर्यंत आली.

लखमशेट त्या रांगेकडे बघून खूश होई. "बघ सटवाजी, वडिलांच्या वेळी एवढी गर्दी कधी होती का?"

"शेट, तवा हीच माणसं बारा ठिकाणी वाटली जायची," सटवाजी म्हणाला.

शेटने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रांग एवढी मोठी आहे म्हणजे बागेला मागणी आहे, असं त्याने ठरवलं आणि तिकीट चार आण्यांवरून आठ आण्यांवर नेलं.

मग देवीच्या जत्रेचा दिवस आला. सकाळपासून फाटकावर झुंबड उडाली. शेट स्वतः माळा देत बसला होता. गर्दीत सगुणा नावाची एक कासारीण होती. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरणारी बाई. तिच्यासोबत तिची आठ वर्षांची लेक तानी होती. दोन वर्षं तानी एकच धोशा लावून बसली होती, मला पाळण्यात बसव. आज सगुणाने पेटी घरी ठेवली होती आणि दोन कोस चालून ती आली होती.

तिने पैसे पुढे केले, पण हातातून सोडले नाहीत. "शेटजी, पोरीला सगळं दाखवायचंय. बाराबी पाळणं चालू हायेत न्हवं?"

लखमशेटने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने माळ तिच्या हातात ठेवली. "मोजून घे की बाई. बारा मणी आहेत."

तो खोटं बोलला नाही. मणी बाराच होते. सगुणाने खरंच मोजले, समाधानाने मान हलवली आणि पैसे सोडले. लबाडी करायला खोटं बोलावंच लागतं असं थोडंच आहे?

दुपार झाली. आकाशपाळण्यापाशी सटवाजी कान देऊन उभा होता. पाळण्याचा आवाज त्याच्या ओळखीचा होता. आज त्यात एक बारीक कुरकुर होती, दर फेरीला एकाच जागी. त्याने पाळणा क्षणभर थांबवला, खिळ्यावर बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो धावत फाटकावर आला.

"शेट, खिळा वाकलाय. पाळणा बंद करा."

"आज? जत्रेच्या दिवशी?"

"आजच. आत्ता."

शेटने बाहेरच्या गर्दीकडे बघितलं. आकाशपाळणा बंद केला तर उरलं काय? घसरगुंडी आणि आरसे. मग लोक पडदे उचलून बघतील. मग गावभर होईल.

"संध्याकाळपर्यंत निभावून ने," तो हळूच म्हणाला. "उद्या बघू."

"खिळ्याला सांज-सकाळ कळत न्हाई, शेट."

"मग हळू फिरव. पण फिरव."

सटवाजी परत गेला. त्याने रांगेसमोर हात जोडले आणि सांगितलं की पाळण्याला जरा विसावा हवाय. लोक खवळले. एकेकाने माळ वर धरली. "हे मणी काय घरी नेऊन शिजवायचे? पैसे मोजलेत आम्ही!" त्यांचं काही चुकलं नव्हतं. बारा मणी दिलेत आणि पाळणे तीनच आहेत, हे सांगणं त्याच्या हातात नव्हतं. की होतं? पण तोही शेटची भाकरी खात होता. त्याने मान खाली घातली आणि गड्यांना म्हणाला, "हळू फिरवा."

तानी तिसऱ्यांदा पाळण्यात बसली. सगुणाला उंचीची भीती वाटे, म्हणून ती खालीच उभी राहून लेकीकडे बघत होती. तानीचा पाळणा वर वर गेला. सगळ्यांत वर पोहोचला. तानीने आईला हात केला.

तेवढ्यात काडकन आवाज झाला.

आकाशपाळणा एका बाजूला कलला. सोळा माणसं एकदम किंचाळली. वरचा पाळणा तिरका लोंबकळू लागला, आणि तानी दोन्ही हातांनी दांडा धरून ओरडली, "आई!"

सटवाजीने मागचा पुढचा विचार केला नाही. चाकाच्या घसरलेल्या कण्याखाली, म्हणजे मधल्या आसाखाली, त्याने आपला खांदा दिला. गडी धावले. रांगेतले दहा-बारा जण धावले. सगळ्यांनी मिळून चाक तोलून धरलं. सगुणा पाळण्याखाली पदर पसरून उभी होती. त्या पदराने काही होणार नव्हतं, पण ती हलली नाही.

"खिळा आणा!" सटवाजी दातओठ खात ओरडला. "लवकर! फार येळ धरवणार न्हाई!"

कुणीतरी पहार आणली. ती जाड निघाली, भोकात जाईना.

लखमशेट धावत आला होता. खिळा! घसरगुंडी आणि आरसे सोडले तर प्रत्येक पाळण्याला एक खिळा होता. वडिलांनी ते मुद्दाम एका मापाचे घडवले होते. तो नावेकडे धावला आणि मोरांचा पडदा त्याने दोन्ही हातांनी टरकावला. खिळ्याच्या जागी नुसतं भोक होतं. अर्थात होतं, त्यानेच काढायला लावला होता. पण भीतीने माणसाला आपलंच केलेलं आठवत नाही. तो हरणांच्या पडद्याकडे धावला. तिथेही भोक. कारंज्यांचा पडदा, तिथेही. समुद्राचा पडदा फाडला, तर मागे गंजलेला सांगाडा आणि कोळ्याची जाळी. जत्रेतले लोक डोळे विस्फारून बघत होते. एकामागून एक नऊही पडदे त्याने स्वतःच्या हाताने फाडले, आणि नऊही ठिकाणी त्याला काहीच मिळालं नाही.

"शेट!" सटवाजीचा आवाज चिरकला. त्याच्या खांद्यातून रक्त येत होतं. वरून तानीच्या हाका आता येत नव्हत्या. ती नुसती रडत होती.

लखमशेट मध्यभागी उभा राहिला. चहूकडे उघडे सांगाडे. धड अशी एकच वस्तू दिसत होती, ती म्हणजे फाटक. ते उंच, रंगवलेलं, तेलपाणी केलेलं फाटक. त्याच लोहाराने केलेलं. ते ज्यावर फिरत असे तो खिळाही त्याच मापाचा होता.

फाटकाबाहेर शे-दीडशे माणसं आत यायला ताटकळत होती. खिळा काढला की फाटक आडवं होणार, आणि त्या सगळ्यांना आतली बाग दिसणार. शेट एक क्षण थांबला. खरं सांगायचं तर दोन क्षण थांबला. मग त्याने सटवाजीचा हातोडा उचलला आणि फाटक गाठलं.

"मागे सरा! सगळे मागे सरा!" तो ओरडला आणि घाव घालू लागला. त्याला सवय नव्हती. दुसराच घाव बोटावर बसला. पण तो थांबला नाही. सातव्या की आठव्या घावाला खिळा निसटला आणि फाटक धुरळा उडवत आडवं पडलं. शेट खिळा छातीशी धरून त्या फाटकावरूनच धावत गेला.

खिळा बसला. सटवाजीने तो ठोकून पक्का केला. मग एकेक पाळणा हाताने, इंचाइंचाने खाली आणला. माणसं उतरत गेली. वरचा पाळणा शेवटी आला. सगुणाने तानीला उचललं आणि इतकं घट्ट धरलं की पोरीला श्वास घेता येईना.

लखमशेट तिच्यासमोर येऊन उभा राहिला. ती शिव्या देईल, असं त्याला वाटलं. द्याव्यात, असंही वाटलं. त्याने दिवसभराच्या गल्ल्याची पेटी तिच्यापुढे धरली. "घे बाई. तुझे घे. सगळ्यांचे सगळ्यांना देतो."

सगुणाने पेटीकडे बघितलंसुद्धा नाही. "सकाळी इचारलं व्हतं तुमास्नी," ती म्हणाली. "तीनच चालत्यात, एवढं म्हणायचं व्हतं. मी तिनासाठीबी आले असते, शेटजी. एकदा पाळण्यात बसवून लेकीला घरी नेली असती."

ती तानीला कडेवर घेऊन पडलेल्या फाटकावरून निघून गेली. शेट तिच्या पाठीकडे बघत राहिला. आयुष्यात त्याला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

त्या दिवशी त्याने सगळ्यांचे पैसे परत केले आणि बाग बंद केली. आठ महिने बंद राहिली. शेटने घरातली भांडी विकली, तालुक्याच्या लोहाराकडे स्वतः खेपा घातल्या. एवढं करूनही चारच पाळणे उभे राहिले.

बाग पुन्हा उघडली, तेव्हा लखमशेट फाटकावर उभा राहून प्रत्येकाला आधी सांगे, "चार चालतात. बाकीचे अजून नादुरुस्त आहेत. दोन आण्यांत परवडत असेल तर या."

पहिल्या दिवशी निम्मे लोक तिथूनच परत फिरले. त्यांना हाक मारावी, 'या हो, लवकरच बाराही होतील' असं म्हणावं, हे शब्द शेटच्या अगदी ओठांवर येत. त्याने ते गिळले. आत बारीकशीच गर्दी होती. सटवाजी दर दहा फेऱ्यांनी आकाशपाळणा थांबवून खिळा तपासत होता, आणि त्याला कुणीही घाई करत नव्हतं.

तात्पर्य: तिकीट हा दिलेला शब्द असतो. देण्यासारखं कमी झालं असेल, तर पैसे घेण्याआधी ते तोंडाने सांगावं. पडद्याआड झाकून ठेवलं, तर एक दिवस ते आपल्याच हाताने चारचौघांत उघडं करावं लागतं, आणि तोवर कुणाचं तरी लेकरू टांगणीला लागलेलं असतं.