पंप कशावर चालवू?

आंबेसरच्या माळावर एक बडी कंपनी हजारो सर्व्हरचं केंद्र उभारत होती. सर्व्हरना अखंड वीज मिळावी म्हणून गावाची वीज रोज दुपारी चार तास बंद ठेवा, असा तिचा अर्ज होता. प्रांतसाहेबांपुढच्या सुनावणीत तो ऐकून गावाच्या पाणीयोजनेचा पंप चालवणाऱ्या यमुनाबाई ढेपेंना आधी घर आठवलं. त्यांच्या आजारी नवऱ्याचा श्वास घरातल्या ऑक्सिजन यंत्रावर चालत होता.

"चार तासांनी गावाचं काय बिघडतं?" कंपनीचे संचालक म्हणाले. "आमचे सर्व्हर मात्र क्षणभरही थांबता कामा नयेत."

यमुनाबाई उठल्या. "साहेब, एवढी यंत्रं तापत असतील. ती थंड कशाने ठेवणार?"

"पाण्याने. तुमच्याच योजनेतून, चोवीस तास."

"मग एवढंच सांगा, गावाची वीज गेल्यावर मी पंप कशावर चालवू?"

संचालक समोरचे कागद चाळू लागले. प्रांतसाहेबांनी हसू दाबत अर्ज नामंजूर केला आणि कंपनीने स्वतःची वेगळी वीजवाहिनी ओढावी, असा शेरा मारला.

घरी यंत्राची घरघर ऐकून यमुनाबाईंचा जीव भांड्यात पडला.

"काय ठरलं गं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही," त्या शेजारी टेकत म्हणाल्या, "तुम्ही निवांत श्वास घ्या."