वरच्याला धरणारी म्हाकूबाई

तेव्हा बोरखिंडीतून गाडीरस्ता नव्हता. माणसं कधीमधी यायची, लांडगे मात्र रोज यायचे. त्या काळातल्या म्हाकूबाईची ही गोष्ट. ऐकताना एक कान बाहेरच्या कुत्र्यांकडे ठेवा. भुंकताहेत तोवर ठीक आहे. गप्प झाली की मला सांगा.

फार वर्षांपूर्वी या गावात दाराला कडी नसली तरी चालायचं, पण दारात कुत्रं लागायचंच. त्याशिवाय मेंढरं राहत नसत. कुत्रीही अशी दांडगी, की बसली तरी पोराच्या छातीला लागायची. ती दिवसभर एकमेकांच्या अंगावर पडायची आणि लोक म्हणायचे, खेळताहेत. एकदा असं म्हणत लोक हसत उभे होते आणि दोन कुत्र्यांच्या मध्ये एक लहान पोर सापडली. ती वाचली नाही.

त्यानंतर गावाची भीती उलटी फिरली. कुत्रं नुसतं गुरगुरलं तरी माणसं काठ्या घेऊन धावू लागली. खेळणारी कुत्रीही मारली, भांडणारीही मारली. कुत्री कमी झाली तसे लांडगे मेंढरांच्या वाडग्यांच्या कुडापर्यंत येऊ लागले. आत कुत्र्याची भीती, बाहेर लांडग्याची. त्या दिवसांत बायका पाण्यालाही एकट्या जात नसत, असं म्हणतात.

म्हाकूबाई याच गावची लेक. लग्न होऊन गेली आणि वर्षाच्या आत एकटीच चालत परत आली. का आली, ते तिनं सांगितलं नाही. नवरा मोठा थट्टेखोर, चारचौघांना हसवणारा, एवढंच गावाला ठाऊक होतं. तेवढ्यावरून गावानं तिलाच नावं ठेवली. ती गावाबाहेर झोपडी करून राहिली, चिमी नावाची एक कुत्री घेऊन.

एक दिवस घोंगड्या विणणाऱ्या सणगराची दोन कुत्री चावडीपुढं जुंपली. काय तो आवाज, काय ते दात! एकाचा गळा दुसऱ्याच्या जबड्यात. लोक काठ्या घेऊन आले आणि सणगर रडू लागला, कारण ती दोन कुत्री गेली तर त्याची मेंढरंही जाणार होती. तेवढ्यात म्हाकूबाई मधे शिरली. तिनं वरच्या कुत्र्याला मानगुटीला धरून बाजूला ओढलं आणि थांबली. खालचं उठलं, अंग झाडलं, पुढचे पाय जमिनीला टेकवून ढुंगण वर केलं, शेपूट हलवलं आणि धरलेल्या कुत्र्याला भुंकून बोलावू लागलं. तिनं हात सोडला. दोघं पुन्हा धुळीत लोळली. लोकांच्या काठ्या खाली आल्या.

"तुला कसं कळलं गं?" सणगरानं विचारलं.

"वरचा तर हसतच आसतोय," ती म्हणाली. "त्येला धरावं आन् खालचा परत येतोय का बगावं. म्या न्हाई परत गेले."

गाव ते ऐकून घरी गेलं. पण दुसऱ्या दिवसापासून कुठं कुत्री जुंपली की तिला बोलावणं जाऊ लागलं. ज्या कुत्र्याला तिनं हात लावला त्याच्या मनातलं तिला दिसायचं, असं म्हणतात.

मग आबा पाटलानं लांबून एक कुत्रं आणलं. नाव ढाण्या. ते कधी गुरगुरत नसे, कधी भुंकत नसे. आधीच घाबरलेल्या गावाला ते फार आवडलं. शहाणं कुत्रं, लोक म्हणत. म्हाकूबाई त्याला पाहून रस्ता बदलायची.

सुगीचे दिवस होते. भर दुपारी खळ्यावर पोरं कडब्यात खेळत होती. तिथं ढाण्यानं चिमीला खाली पाडलं आणि तिच्यावर उभा राहिला. तोंड मिटलेलं, अंग ताठ, शेपूट काठीसारखं वर. आवाज नाही.

आपली बाहेरची कुत्री भुंकताहेत ना अजून? बरं.

म्हाकूबाईनं धावत येऊन त्याचा पट्टा धरला. चिमी उठली, पण परत आली नाही. शेपूट पायांत घालून कडब्याच्या गंजीआड सरपटत गेली.

"आबा, पोरं घरात घ्या," म्हाकूबाई म्हणाली.

"अगं, खेळतंय ते. कुणावर गुरगुरलंय का कधी?"

"त्येचंच भ्या वाटतंय."

पोरं पळाली, आणि पळणाऱ्या पायांवर ढाण्यानं झेप घेतली. पट्टा तिच्या मुठीत होता. ढाण्या वळला आणि त्यानं तिचा दंड धरला. तिनं मूठ सोडली नाही. शेवटचं पोर पाटलाच्या घरात शिरलं, मग माणसंही आत गेली आणि दारं लागली. पाटलाचा हात कडीवर होता, पण कडी निघाली नाही. सगळे घाबरले. मीही घाबरलो असतो, पण म्हणून ते बरं ठरत नाही.

बाहेर कुत्रंही ओरडलं नाही आणि बाईही ओरडली नाही. ती शांतता आत बसलेल्यांनी जन्मभर ऐकली, असं म्हणतात.

दिवस कलला तेव्हा दारं उघडली. ढाण्या मरून पडला होता. म्हाकूबाई नव्हती. तिच्या जागी कमरेएवढा काळा दगड उभा होता, त्यावर मुठीच्या चार बोटांच्या खाचा, आणि कुत्र्याचा पट्टा त्या खाचांतच अडकलेला. भर उन्हातही तो दगड गार लागतो, असं म्हणतात. चिमी मरेपर्यंत त्याच्याजवळून हलली नाही.

आजही बोरखिंडीत कुत्री जुंपली, पोरं जुंपली, भावकी जुंपली, तर कुणी ओरडत नाही. वरच्याला धरतात आणि खालच्याकडे बघत उभे राहतात. आणि लग्नानंतर लेक पहिल्यांदा माहेरी आली की तिला न्यायला आलेली गाडी, बैलांची असो की जीप, त्या दगडापाशीच थांबवतात. जावई कितीही मोठ्या घरचा असला तरी त्यानं गाडीतून उतरायचं नाही. घरातून लेक एकटीच निघते. कुणी सोबत जात नाही, कुणी काही सांगत नाही. बहुतेक पोरी हसत, घाईघाईनं गाडीत जाऊन बसतात. एखादी दगडापर्यंत येते, खाचांत बोटं घालते आणि तिथंच उभी राहते.

मग तिची आई तव्यावर लेकीसाठी आणखी एक भाकरी टाकते. जावयाला पाणी देतात आणि गाडी तशीच परत पाठवतात.