चौथी खेप

माणसांनी मैदानं आखली, त्याच्याही आधी रानात नारळाचे सामने रंगायचे. चार खेपांत नारळ दहा पावलं पुढं न्यायचा. नाही जमलं, तर जिथं असेल तिथंच समोरच्यांच्या हवाली करायचा.

साळिंदर गुरुजी चौथ्या खेपेला आपल्या संघाला नारळ लाथेनं लांब उडवायला लावत, म्हणजे समोरच्यांना दुरून यावं लागे. मुंगूस गुरुजी मात्र मुसंडी मारायला सांगत. जास्त सामने साळिंदर जिंकायचा, टाळ्या मात्र मुंगसाला. त्या ऐकल्या की साळिंदराचे काटे उभे राहायचे.

शेवटच्या सामन्यात दोघं समोरासमोर आले. साळिंदराचा संघ थोड्या गुणांनी पुढं होता. त्यांची चौथी खेप होती आणि एकच पाऊल बाकी होतं. त्याच्या संघातलं, नारळ नेणारं रानडुक्कर लंगडत आलं. "गुरुजी, उडवूया ना?"

झाडावरून माकडं ओरडली, "याच्यात कुठली धमक! मुंगूस असता तर नारळ सोडला नसता!"

साळिंदराचे काटे ताठ झाले. "मार मुसंडी!"

डुक्कर पहिल्याच पावलाला कोसळलं. नारळ तिथंच मुंगसाच्या संघाकडं गेला, पाठोपाठ सामनाही गेला.

"झालं समाधान?" साळिंदर मुंगसावर फिस्कारला. "तुझ्यासारखंच केलं मी!"

"माझ्यासारखं कुठं?" मुंगूस म्हणाला. "मी आधी त्याचा पाय बघितला असता."