कलम चौदा आणि देवराईतली पानं

"…मग लक्ष ठेवायचं तरी किती, बाबा?"

भागोजीबाबा देवासमोरच्या शिळेवर डोळे मिटून बसले होते. ही देवराई चाळीस वर्षं तेच राखत होते. राखायचं म्हणजे सकाळी यायचं, दिवा लावायचा आणि बसायचं.

त्रिंबकराव केळुसकरांनी प्रश्न पुन्हा मांडला. तहसील कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला पहिल्या खेपेला उत्तर मिळण्याची अपेक्षा नसते.

"मोबाइलवर रानभाज्यांचा ग्रुप आहे आमचा. आठशे माणसं. मी ॲडमिन. लोक पाल्याचे, कंदांचे फोटो टाकतात आणि जाणकार सांगतात, खावं की नाही. नियम मीच केले. एकवीस."

"एकवीस," बाबा म्हणाले. एखाद्या दूरच्या गावाचं नाव घ्यावं तसे.

"शुभ सकाळ लिहायचं नाही. देवादिकांची चित्रं नाहीत. विषयांतर नाही. दिवसातून पन्नास वेळा बघतो मी. केर दिसला की काढला."

"मग?"

वरून एक पान गिरक्या घेत आलं. वाटेत दोनदा त्याचा विचार बदलला, आणि मग ते खाली टेकलं.

"गेल्या सोमवारी एका सुनेनं कंदाचा फोटो टाकला. कुणीतरी लिहिलं, उकडून खा बिनधास्त… तो कडू कंद निघाला. ती आणि तिची सासू चार दिवस दवाखान्यात होत्या. वाचल्या. काल घरी आल्या."

"आणि तू कुठे होतास?"

"तिथेच होतो… शुभ सकाळचे सदतीस गुलाब काढत होतो."

झाडांच्या आत कुठेतरी एक पक्षी एकच सूर पुन्हा पुन्हा लावत होता.

"ओळखणारं कुणीच नव्हतं?"

"एक होती. वरच्या वाडीची सुंद्रामावशी. तिला मी दिवाळीत काढून टाकलं."

"का रे?"

"कलम चौदा. बोलून पाठवलेला निरोप मिनिटापेक्षा मोठा नको. तिला लिहिता येत नाही, बोलूनच पाठवायची. विचारा भाजीचं, ही सुरुवात करणार शेळीपासून. तीन वेळा ताकीद दिली होती. रीतसर."

"रीतसर," बाबा म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

"सांगा ना, बाबा. ह्याच महिन्यात लोक तो कंद खणतात. कसा ओळखायचा, म्हणून रोज विचारतायत. उत्तर देणारं कुणी नाही. पुन्हा कुणी खाल्ला तर?… नियम तीस करू, की ग्रुपच बंद करू?"

उन्हाचे कवडसे जमिनीवरून इतके सावकाश सरकत होते की दुपार इथे मुक्कामालाच आलीय असं वाटावं. बाबांचा श्वास संथ झाला. झोपले असावेत.

त्रिंबकरावांना नुसतं बसणं कधीच जमलं नव्हतं. या राईतली पडलेली काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही, ही रीत त्यांना ठाऊक होती. पण देवासमोर एवढा पसारा? ते उठले. पानं हातांनी ओढून त्यांनी नीट ढीग केला, दिव्याच्या अगदी शेजारी, चारी बाजूंनी सारखा. जागा मोकळी झाली. समाधानानं बसून त्यांनी मोबाइल काढला. रेंजची एकच काडी होती, पण दोन शुभ सकाळ काढायला तेवढी पुरली.

वारा आला. ज्योत ढिगाकडे कलली.

त्रिंबकरावांनी मान वर केली तेव्हा बाबा ढिगाशी पोचलेसुद्धा होते. त्यांच्या उघड्या तळव्याचे दोन फटके बसले. धुराची एक बारीक दोरी वर गेली, दोनशे वर्षांच्या झाडांकडे, आणि तिथे विरून गेली.

मग बाबांनी पायानं तो ढीग विस्कटला. पानं होती तशी सगळीकडे पसरली. हात धोतराला पुसून ते पुन्हा शिळेवर बसले. ढीग कुणी केला, हे त्यांनी विचारलं नाही.

"बाबा… हात…"

"असू दे."

"पण तुमचे डोळे मिटलेले होते. कळलं कसं तुम्हाला?"

"पानं मोजत नव्हतो."

त्रिंबकरावांनी सुंद्रामावशीला ग्रुपवर परत घेतलं. तिला लिहून उपयोग नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मोबाइल तोंडाशी धरला.

"मावशी… माझं चुकलं. कडू कंदाचं सगळ्यांना सांगा."

बघितलं तर सात सेकंद. नियमात बसत होतं.

ऊन कलेपर्यंत काही आलं नाही. मग हातातला मोबाइल थरथरला. मावशीचा निरोप. अकरा मिनिटांचा.

दिवाळीचा विषय तिनं काढलाच नाही.

"ऐकताव ना समदी? तर काय झाला, आमची कबरी शेळी… दिस भरलं हुतं तिचं, नि मी निगाली रानात…"

आवाज राईत शिरला आणि झाडाझाडांतून फिरू लागला. एक मिनिट झालं. दोन झाली. शेळी अजून रानात होती. त्रिंबकरावांचा अंगठा सवयीनं पडद्याकडे सरकला.

"बाबा, ह्यात कंद कुठे येतो?"

बाबांचे डोळे मिटलेले होते. मान तेवढी आवाजाकडे झुकली होती.

"आधी तिची शेळी तर विऊ दे."