गोंदाजीचं छप्पर

फार फार वर्षांमागची गोष्ट. तेव्हा खडकओहळ गावाला पाणी एकच, कड्याखालच्या झऱ्याचं. बायका वाकून घागर भरायच्या आणि वरून दरडीचे धोंडे यायचे. कधी घागर फुटायची, कधी कपाळ.

मग गावात गोंदाजी पाथरवट आला. झऱ्यावर दगडी छप्पर घालतो म्हणाला. जवळ ना लाकूड, ना चुना.

त्यानं झऱ्याच्या दोन्ही अंगांना भिंती उचलल्या. प्रत्येक थर खालच्या थराहून चार बोटं पुढे सरकवला. दगड अधांतरी झुकायचा, पण पडायचा नाही, कारण त्याच्या मागच्या टोकावर गोंदाजी धोंड्यांचा जड ढीग रचायचा. असं करत करत दोन्ही भिंती माथ्यावर एकमेकींना भेटल्या. असं म्हणतात, पुढच्याच पावसाळ्यात हत्तीएवढी दरड छपरावर आदळली आणि चेंडूसारखी दरीत उडाली. खाली भरलेल्या घागरीतलं पाणीसुद्धा हललं नाही.

गावानं गोंदाजीला जाऊ दिलं नाही. तो आणि त्याची बायको येसाई तिथलीच झाली.

पुढे एका साली सुभानजी पाटलाच्या लेकीचं लग्न निघालं. मांडवाच्या ओट्याला दगड कमी पडला.

"गोंदाजी, तुझ्या ढिगातला एक दे," पाटील म्हणाला. "लेकीचं कार्य आहे."

गोंदाजीला नाही म्हणवेना. "एकच घ्या, पाटील. मागचं ओझं गेलं तर पुढचा दगड तोल सोडेल."

पाटलानं एकच घेतला. ते पाहून कुणी चुलीला नेला, कुणी गोठ्याला. ज्याला विचारावं तो म्हणे, "मी एकच तर घेतला!" गोंदाजीला दिसत होतं. पण पहिला दगड आपणच दिला, आता कोणत्या तोंडानं अडवू, म्हणून तो गप्प राहिला.

लग्नाच्या सकाळी बायका-पोरी पाण्याला गेल्या आणि छप्पर कुरकुरलं. गोंदाजी धावत आत शिरला. सुटणाऱ्या दगडाला त्यानं पाठ लावली.

"येसाई, पोरींना काढ बाहेर!"

"अन् तुम्ही?"

"आधी त्यांना काढ!"

येसाईनं एकेकीला ओढून काढलं. शेवटची पोर बाहेर आली आणि छप्पर गोंदाजीवर कोसळलं.

गावानं पडलेले सगळे दगड उपसले. गोंदाजी सापडला नाही. असं म्हणतात, भिंतीतून एक दगड तेवढा हातभर पुढे आलेला होता, कुणी न बसवलेला. त्याच्यामागे कसलंच ओझं नव्हतं. तो अजून पडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी लोकांनी आपापला दगड येसाईच्या दारात आणून ठेवला. ती एवढंच म्हणाली, "आता कुणासाठी आणलेत?"

छप्पर पुन्हा कुणी घातलं नाही. पण आजही खडकओहळात कुठलाही पाथरवट, गवंडी आला की त्याला जेवायला पाटावर बसवतात. घरातलं वडीलधारं माणूस हात जोडून म्हणतं, "चुकलं आमचं." परक्या माणसाला काही उमगत नाही. तो आपला ओशाळून म्हणतो, "असू द्या."

तेवढं ऐकलं की मगच घरातले जेवायला बसतात.